लोणार लांबून दिसत नाही

माझं लग्न ठरलं तेव्हा आईने पहिलं काय विचारलं असेल, तर "एवढ्या लांबची मुलगी? परमुलखातली?" आम्ही चिपळूणकडचे. बायकोचं माहेर मेहकरपासून सहा किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात. आईच्या हिशेबात कराड ओलांडलं की सगळा परदेशच. आठ वर्षं झाली, दरवर्षी संक्रांतीच्या आगेमागे आम्ही जातो, आणि खरं सांगायचं तर आईचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. माती काळी, आभाळ चारी बाजूंनी जमिनीपर्यंत टेकलेलं, जेवताना माशाची आठवण कुणालाच येत नाही आणि पारावरच्या निम्म्या गप्पा माझ्या डोक्यावरून जातात. सासरे पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "आमी घाटावरचे." मी हसलो. आमच्याकडे घाटावरचे म्हणजे सातारा-कोल्हापूरचे. नंतर कळलं की बुलढाणा जिल्ह्याचे स्वतःचेच दोन भाग आहेत. मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेडराजा घाटावर; खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. शब्द आमचाच, डोंगर दुसरा.

तर या आठ वर्षांत मी लोणार पाहिलेलं नव्हतं. घरापासून तीस किलोमीटर. एकदा अवकाळी पाऊस आडवा आला, एकदा बायकोचे दिवस भरत आले होते आणि २०२० साली सरोवराचं पाणी गुलाबी झाल्याचे फोटो सगळ्या देशाच्या मोबाईलवर फिरत होते तेव्हा आम्ही पुण्यात कोंडून पडलो होतो. सासुरवाडीची माणसं मात्र लोणारबद्दल अशा सुरात बोलतात जसं आम्ही समुद्राबद्दल बोलतो. आहे तिथे, जाणार कुठे?

यंदा तिसऱ्या दिवशी दुपारी, तीन जेवणं अंगावर आल्यावर, मी जाहीर केलं, "उद्या लोणारला जाऊन येतो. सायकलने."

माजघरात एकदम शांतता झाली. सासरे सुपारी कातरायचे थांबले.

"जवाईबापू, घरात दोन दोन गाड्या उभ्या हायेत."

इथे गाडी म्हणजे मोटारसायकल. सायकल ही शाळकरी पोरांची वस्तू. मिसरूड फुटल्यावर माणूस सायकलवर दिसला तर त्याचं काहीतरी बिघडलंय असं समजतात. मी पुण्यात रविवारी सायकल चालवतो, मजा येते, वगैरे सांगून पाहिलं. सासऱ्यांची अडचण वेगळीच होती. "मजा येत असंन. पण लोकं म्हनतीन, जवायाले गाडी बी देली नाई."

शेवटी तोडगा निघाला तो असा, की धाकटा मेहुणा सोबत जाईल. तो मेहकरला बीएस्सी करतो, भूगर्भशास्त्र त्याचा विषय, आणि कॉलेजतर्फे लोणारला दोनदा जाऊन आलेला. "दाजी, मले वाटलं तुमी गंमत करता," एवढंच तो म्हणाला. सायकली शोधल्या. एक सासऱ्यांची, काळी, बावीस इंची, पूर्वी तिच्यावरून दुधाचे कॅन मेहकरला जायचे. चार वर्षं गोठ्याच्या भिंतीला टेकून होती, सीटखाली चिमणीने घरटं केलेलं. दुसरी चुलत मेव्हणीची, मानव विकास कार्यक्रमात शाळेतल्या मुलींना मिळते तसली, दांडी नसलेली आणि पुढे जाळीची टोपली. कोणी कुठली घ्यायची हा प्रश्न नव्हता. मेहुण्याने टोपलीवाली घेतली आणि गावाबाहेर पडेपर्यंत मान खाली घालून चालवली.

त्याआधी संध्याकाळ सायकल-दुकानात गेली. दुकान म्हणजे बाभळीच्या झाडाखालचा पत्र्याचा टपरा, हवा भरायचा पंप आणि भिंतीवर टांगलेले टायर. मिस्त्रींनी काळ्या सायकलीकडे म्हातारी म्हैस पाहावी तसं पाहिलं, मागचं चाक फिरवलं. ते एकदा डाव्या बाजूला घासलं, एकदा उजव्या. "आऊट हाये." मग त्यांनी सायकल उलटी केली आणि तासभर मी तिथून हललो नाही. पुढच्या चाकाचा एक्सल काढला तेव्हा छर्रे बाहेर पडले ते ग्रीसमध्ये नव्हे, चिखलात. काळा, वाळलेला. एकेक छर्रा रॉकेलमध्ये धुऊन फडक्यावर ठेवला, दोन झिजलेले बाजूला काढले, नवे टाकले, बोटाने पिवळं ग्रीस भरलं, कोन आवळला. जास्त आवळला, चाक जड झालं. अर्धा फेरा सैल केला. चाक सोडलं तर ते फिरतच राहिलं आणि थांबताना वॉलच्या वजनाने थोडं मागे येऊन, डुलून स्थिर झालं. मिस्त्री माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. मागच्या चाकाच्या दोन आऱ्या बदलल्या, आऊट काढला, ब्रेकला नवे गट्टू लावले, चेनला तेल सोडलं. सगळे मिळून एकशे ऐंशी रुपये. पुण्यात एवढ्यात सायकलीकडे कोणी मान वर करून बघत नाही.

डायनामो मात्र मेला होता. "दिवसाउजेडी येसान नं वापस? मंग कायले पायजे?" मिस्त्री म्हणाले. मलाही पटलं.

सकाळी सव्वासातला निघालो. थंडी बोचरी. सासूबाईंनी ज्वारीच्या भाकरी, झुणका, तिळाची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असा डबा बांधला, वर पांढऱ्या धुवट फडक्याची गाठ मारली. त्या फडक्याचं पुढे काम आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. "उन्हं तापाच्या आंधी पोचजा," त्या म्हणाल्या. बायको दारात उभी राहून फोटो काढत होती, तिच्या चेहऱ्यावरची करमणूक लपत नव्हती.

पैनगंगेकाठच्या मेहकरात पोचेस्तोवर अंग गरम झालं. बसस्टँडजवळ चहा आणि आलूबोंडा, सोबत तळलेली मिरची. इथला आलूबोंडा आमच्या बटाटेवड्याचा भाऊ म्हणवतो खरा, पण तिखटात चुलता निघतो. मेहकरात बालाजीचं मोठं देऊळ आहे, तिथे सासूबाईंसोबत दरवर्षीच जाणं होतं, म्हणून थांबलो नाही. कंचनीच्या महालाचे पडके अवशेष मात्र मेहुण्याने हात करून दाखवले. त्याची गोष्ट सासऱ्यांकडून ऐकलेली होती: कंचनीला म्हणे सात मजल्यांचा, एवढा उंच महाल बांधायचा होता की वरच्या मजल्यावरून लोणारचा दिवा दिसला पाहिजे. तो काही पुरा झाला नाही. खरंखोटं कंचनीलाच ठाऊक. पण सायकलवर बसल्यावर ती गोष्ट डोक्यात फिरत राहिली. इथून दिवा दिसायला नक्की किती उंच जावं लागेल, आणि ज्या गावचा दिवा बघायचा त्या गावाजवळ एखादा डोंगर तरी असेल ना.

मेहकर ते सुलतानपूर हा जालन्याकडे जाणारा रस्ता. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेलाय, पण तिथे दुचाकीला बंदी, तेव्हा सायकलीने तिकडे बघायचंही नाही. आमचा रस्ता साधा, पण ट्रकांचा. वारा पाठीमागून होता. पुण्यात सायकल चालवताना मी वाऱ्याचा इतका विचार कधी केला नव्हता, कारण तिथे इमारती असतात. इथे काही आडवंच नाही. ईशान्येचा गार वारा पाठीला हात लावून ढकलत होता आणि मी मनात म्हणत होतो, आपला स्टॅमिना चांगलाच वाढलेला दिसतोय. असं वाटलं की समजावं, वारा पाठीवर आहे. हे मला दुपारी कळलं.

दोन्ही बाजूंना तुरीचं पीक सोंगून पडलेलं. कुठे गंज्या लागलेल्या, कुठे मळणीयंत्र सुरू आणि त्यातून भुसा धुरासारखा उडतोय. हरभरा घाट्यांवर आलेला. कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, बोंडांतून राहिलेला कापूस लोंबत होता. आमच्याकडे जानेवारीत आंब्याच्या मोहराखेरीज शेतात बोलायला काही नसतं. इथे सगळी माणसं शेतात होती.

सुलतानपूरच्या अलीकडे दोनेक किलोमीटर असताना माझ्या मागच्या चाकातून आवाज आला, सापाने फुत्कारावं तसा. बाभळीचा काटा. पंक्चरचं सामान घेतलेलं होतं: सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबचा तुकडा, पॉलिश पेपर, पाना, हातपंप. फक्त पंक्चर शोधायला पाणी पाहिजे आणि आमच्याकडच्या दोन बाटल्या प्यायच्या. बाजूच्या शेतात मळणी चालली होती. मेहुणा गेला आणि एका काकांना घेऊन आला, त्यांच्या हातात घमेलं, घमेल्यात पाणी.

काकांच्या डोक्याला उपरणं, भुवयांवर तुरीचा भुसा. त्यांनी आधी आमच्याकडे बघितलं, मग सायकलींकडे, मग टोपलीकडे.

"कुठी निंघाले?"

"लोणारले," मेहुणा म्हणाला.

"अन् हे?"

"दाजी हायेत. पुन्याचे."

काकांनी थोडा वेळ घेतला. मग मला अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "पगारपानी बरोबर नाई का?"

टायर रिमवरून उतरवायला पाना वापरला तर ट्यूबला दुसरं भोक पडतं, हे मला पुस्तकी माहीत होतं. काकांनी नुसत्या अंगठ्यांनी टायर उलटवला. ट्यूब बाहेर काढली, तोंडाजवळ धरून ओठांनी गारवा कुठे लागतो ते बघितलं, मग घमेल्यात बुडवून बोटभर बोटभर पुढे सरकवली. बुडबुड्यांची माळ आली. ती जागा त्यांनी नखाने धरून ठेवली आणि मला म्हणाले, पुसा. मी पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन लावलं, लगेच तुकडा चिकटवायला गेलो तर हात धरला. "थांबा नं. वाळू द्या. वल्ल्यावर कायबी बसत नसते." आम्ही तिघं उकिडवे बसून ते डिंकासारखं चकाकणारं वर्तुळ वाळायची वाट पाहत राहिलो. तेवढ्या वेळात त्यांनी तुरीचा भाव, पुण्यातल्या जागेचा भाव आणि माझ्या सासऱ्यांचा भाऊबंद कोण कोण हे सगळं विचारून घेतलं. सासऱ्यांच्या चुलतभावाला ते ओळखत निघाले. टायरच्या आतून बोट फिरवायला मात्र मीच सांगितलं, आणि काट्याचं टोक अजून तिथेच रुतलेलं सापडलं. त्यावर त्यांनी मान डोलावली. सकाळपासून मिळालेली ती एकुलती शाबासकी. निघताना हरभऱ्याच्या घाट्यांची मूठ टोपलीत टाकली.

यात पाऊण तास गेला. आणि पुढे डबा कॅरिअरवर बांधताना मी दोरी घाईत आवळली, त्याचंही सांगायचंय, पण नंतर.

सुलतानपूरला लोणारचा फाटा. इथून बारा किलोमीटर. मी आता समोर बघायला लागलो. लोणारचं विवर म्हणजे उल्का आदळून झालेला खड्डा, त्याला कडा आहे, ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे, हे सगळं वाचलेलं होतं. तेव्हा लांबून काहीतरी दिसणारच. आमच्याकडे समुद्र दिसायच्या आधी कळतो. हवा खारट होते, माड दाट होतात, घाट उतरताना मध्येच एका वळणावर निळी पट्टी चमकते. मी दर चढावर मान उंच करत होतो. समोर शेत, निंबाची झाडं, मोबाईलचा टॉवर, पुन्हा शेत.

"कुठे आहे रे?"

"हाये नं पुढं."

"डोंगर वगैरे?"

"दाजी, खड्डा हाये तो. खड्डा लांबून कसा दिसंन?"

पुढे गाव जवळ आल्यावर पायांनी मात्र एक गोष्ट सांगितली. रस्ता सपाट दिसतोय आणि सायकल जड झालीय. मी खाली वाकून चाक बघितलं, परत हवा गेली की काय. हवा होती. मेहुण्याच्या चेहऱ्यावर आता शिकवणाऱ्याचा आनंद आला. म्हणाला, हा चढ आहे, नुसता दिसत नाही. उल्का आदळली तेव्हा खालचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, फुटून, वितळून, उलटापालटा होऊन चारी बाजूंना फेकला गेला आणि कडेभोवती पसरला. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे आणि बाहेरच्या बाजूने उतार अगदी मंद. जीपमधून आलो तेव्हा सरांनी हे सांगितलं होतं पण कोणालाच जाणवलं नाही, असंही तो म्हणाला. मला जाणवत होतं. मांड्यांना. तो वीस मीटरचा चढ मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण सीटने तोवर मला पार सोलून काढलं होतं.

लोणार हे तालुक्याचं गाव, इतर गावांसारखंच. बसस्टँड, कृषी केंद्रं, मोबाईलची दुकानं, रस्त्यात बसलेल्या गाई. गल्लीतून जातोय, घरं संपली, आणि जमीनच संपली.

मी ब्रेक दाबला. नवे गट्टू चांगले लागले.

खाली एक प्रचंड वाडगा होता. काठापासून काठापर्यंत जवळजवळ एक किलोमीटर आठशे मीटर, खोली दीडशे मीटरच्या आतबाहेर, उतारांवर झाडी आणि तळाशी हिरवट, दुधाळ, न हलणारं पाणी. वर एवढा वारा आणि खाली पाण्यावर सुरकुती नाही. लांबच्या काठावरची झाडं गवतासारखी दिसत होती. काठ इतका गोल की माणसाने कोरल्यासारखा वाटतो. मी काहीतरी शहाण्यासारखं बोलावं म्हणून मेहुणा थांबला असावा. मला एवढंच सुचलं की कंचनीने सात मजले नाही, सत्तर चढवले असते तरी खालचं काही दिसलं नसतं.

दैत्यसूदनाचं देऊळ गावातच आहे, ते आधी पाहिलं. चालुक्यांच्या धाटणीचं, बाहेरून तारेच्या आकाराचं, भिंतींवर इंच इंच शिल्प. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं देऊळ, आणि गावाचं नावही त्या लवणासुरावरूनच आलं असं सांगतात. खारं पाणी म्हणजे त्या दैत्याचं रक्त. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट मला जरा अवघडून सांगितली आणि मूर्तीपुढे हात मात्र मनापासून जोडले. मग धारेवर आलो. काठाच्या कपारीतून गोड्या पाण्याची धार बारा महिने वाहते, गोमुखातून कुंडात पडते. खाली खारं पाणी आणि वर ही धार; पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून मुरत येतं आणि इथे बाहेर पडतं. तोंड धुतलं, सायकलींना कुलूप लावलं आणि डबा सोडला.

डबा कधीच सुटलेला होता. झुणक्याचं तेल आणि हळद फडक्यात उतरून त्यावर पिवळाधमक नकाशा तयार झालेला. दोरी घाईत आवळल्याचा परिणाम. भाकरी मात्र शाबूत होत्या, चारांपैकी एक पारावरच्या वानराने नेईपर्यंत. जेवलो, घाटे सोलून खाल्ले, आणि ते फडकं मी घाम पुसायला गळ्यात अडकवून उतरायला लागलो.

उतरायची वाट सोपी नाही आणि फार अवघडही नाही. सुरुवातीला पायऱ्या, मग दगडगोटे, दोन्ही बाजूंना झाडी. हे अभयारण्य आहे. मोर ओरडत होते, दिसला एकच, तोही शेपूट गोळा करून पळणारा. जसजसं खाली जावं तसतसा वारा थांबला, ऊन चिकटायला लागलं आणि वास सुरू झाला. सडक्या अंड्याचा. पाण्याजवळ वाळलेली झाडं पाण्यातच उभी होती, पांढरी पडलेली. वाटेवरच्या एका देवळाच्या सावलीत बसलेले बाबा म्हणाले, या काही वर्षांत पाणी लय वर आलं, ही झाडं आधी काठावर होती. कमळजा देवीकडे जाणारी वाटही पुढे पाण्यात गेलेली. तिथली सासू-सुनेची विहीर, जिचं पाणी अर्धं गोड आणि अर्धं खारट म्हणतात, ती बघायची माझी फार इच्छा होती, राहिली. देवीला लांबूनच नमस्कार केला.

काठाशी बसल्यावर मेहुण्याचा तास सुरू झाला. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेकडे बाहेरच्या जगाचं लक्ष वेधलं, पण पुढे दीडशे वर्षं हा ज्वालामुखीचा खड्डा की आणखी काही, याच्यावर वाद चालला. १९७० च्या दशकात इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी ती काच. ज्वालामुखीला ते जमत नाही. बेसॉल्टमध्ये झालेली अशी विवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत आणि चंद्रावरची बरीच या जातीची, म्हणून याचं कौतुक. वय आधी पन्नास-बावन्न हजार वर्षं मानत, २०१० च्या सुमारास खडकातल्या अर्गॉन वायूवरून मोजलं तर पाच लाख सत्तर हजार आलं. मी म्हटलं, एवढा फरक? तो म्हणाला, "आपल्या गावात आजीचं वय बी असंच सांगतात." गुलाबी रंगाचं कोडं पुण्याच्याच आघारकर संस्थेतल्या लोकांनी सोडवलं होतं: पाणी आटून खारेपणा वाढला, तशी मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या वाढली आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्याने पाणी रंगलं. २०२० च्याच नोव्हेंबरात हे सरोवर रामसरच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं.

मी हे सगळं ऐकत होतो, पण घामाने डोळे चुरचुरत होते. फडक्याचं टोक पाण्यात बुडवलं आणि पिळलं. पाणी हाताला बुळबुळीत लागलं, साबण धुऊन निघाला नाही की लागतं तसं. फडकं तोंडाकडे नेलं आणि तसाच थांबलो.

पिवळा डाग लाल झाला होता. जिथवर पाणी चढलं होतं तिथवर लाल, कुंकवासारखा. वरचा कोरडा भाग अजून पिवळाच. आणि ओल कापडातून वर चढेल तशी त्या दोन रंगांमधली रेघ माझ्या डोळ्यांदेखत वर सरकत होती.

"दाजी, तोंडाले लावू नका ते," मेहुणा म्हणाला आणि मग त्यानेही पाहिलं. कॉलेजच्या सहलीत त्यांनी रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवून पीएच, म्हणजे पाणी आंबट की खारट-साबणी याचा आकडा, मोजला होता, दहाच्या जवळपास. हळद हीच एक पट्टी आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याने माझ्या हातातून फडकं घेतलं, दुसरं टोक बुडवलं. ते पण लाल. मग आम्ही दोघं, एक बत्तीस वर्षांचा आणि एक एकोणीस वर्षांचा, झुणक्याचे डाग शोधून शोधून बुडवत बसलो. अकबराच्या काळात इथला खार साबण आणि काच करायला नेत, हे त्याला आत्ता आठवलं. खाराचे प्रकारही होते म्हणे, पापडी, भुसकी, अशी नावं. मी मनात म्हटलं, हळदीला खार लावून कुंकू करणाऱ्या बायांनी हे पाणी लवणासुराचं रक्त आहे असं म्हटलं असेल, तर त्यात नवल काय.

वर चढायला पाऊण तास लागला. उतरताना ज्याची दखल घेतली नव्हती तो प्रत्येक दगड आता ओळख दाखवत होता. धारेवर पुन्हा पाणी भरलं, सव्वातीनला सायकलींवर बसलो. मी हिशेब केला: येताना पंक्चर धरून पावणेचार तास, जाताना पंक्चर वगळून तीन. सव्वासहाला घरी.

लोणारचा मंद उतार संपला आणि समोरून वारा आला.

सकाळी पाठीला हात लावणारा तोच तो. आता छातीवर हात ठेवून मागे लोटत होता. पायडल मारायचं थांबवलं की उतारावरसुद्धा सायकल थांबे. बोलायची सोय नाही, तोंड उघडलं की भुसा. मेहुणा पुढे गेला आणि टोपली त्याला पालासारखी मागे खेचायला लागली, तेव्हा आम्ही पाळी लावली, पाच मिनिटं एक पुढे, पाच मिनिटं दुसरा. सुलतानपूर ओलांडल्यावर सकाळच्या काकांचं यंत्र बंद झालेलं दिसलं, पोती भरून शिवणं चाललेलं. त्यांनी लांबूनच हात वर केला आणि ओरडले, "पंक्चर टिकली का?" टिकली होती. ती अजून टिकलीय.

मेहकरात शिरलो तेव्हा सूर्य बुडून पंधरा मिनिटं झाली होती. डायनामोची आठवण आली. शेवटचे सहा किलोमीटर, अंधार, उसाच्या ट्रॉल्या आणि दिवे न लावलेले दोन सायकलवाले. मोबाईलची बॅटरी टोपलीत उभी करून पाहिली, खड्ड्यात पडून ती आभाळाला उजेड द्यायला लागली. आम्ही उतरून चालायला लागलो होतो, एवढ्यात समोरून एक गाडी आली, आमच्यापुढे थांबली आणि वळली.

सासरे होते. कानटोपी, मफलर, एक शब्द नाही. त्यांनी गाडी आमच्या मागे घेतली, पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि दिवा आमच्या पुढच्या रस्त्यावर पाडला. असे सहा किलोमीटर. आमच्याच सावल्या आमच्या पुढे लांबच लांब पडलेल्या, टोपलीची सावली तर एखाद्या रथासारखी. गावाच्या वेशीपाशी मात्र ते भरकन पुढे गेले आणि पारासमोर गाडी उभी करून थांबले, जावयाला गाडी दिलेली आहे हे सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.

जेवणं झाल्यावर मी फडक्याची गोष्ट सांगितली. जरा रंगवूनच सांगितली. दैत्य, उल्का, अकबर, सगळे आणले. फडकं पिशवीतून काढून सासूबाईंच्या पुढे पसरलं. वाळलं होतं तरी लाल राहिलं होतं. सासऱ्यांनी चष्मा लावून बघितलं. सासूबाई भांडी आवरत होत्या, त्यांनी एकदा नजर टाकली.

"हळदीले साबन लावला का लालच होते, जवाईबापू. रोजचंच हाये."

आणि फडकं उचलून मोरीत नेलं.

सकाळी उठलो तेव्हा चालायला दोन पायांपेक्षा जास्त लागत होते. अंगणातल्या तारेवर फडकं वाळत होतं. साध्या पाण्यातून दोनदा निघाल्यावर लाल पार उतरला होता. ऊन आलं तसं मी जवळ जाऊन पाहिलं. डाग होता तिथेच, फिकट, पिवळा. मेहुणा दात घासत आला, बघून म्हणाला, "दाजी, आज पाणी तापवताना सोडा टाकून पाहू का?"